चाकाच्या आतली जागा : ड्रम ब्रेककडून डिस्क ब्रेककडे

जुन्या मोटारीचे ड्रम ब्रेक काढून डिस्क ब्रेक बसवताना सर्वांत जास्त खोळंबा होतो तो चाकापाशी. डिस्क हबवर बसते, तिला दोन्ही बाजूंनी पॅडच्या चिमट्यात धरणारा कॅलिपर बोल्टने आवळला जातो, ब्रेक ऑइलच्या नळ्या जोडल्या जातात. पण मूळचे चाक परत चढवायला घेतले की ते अडते. कुठे रिमची आतली बाजू कॅलिपरच्या पाठीला घासते. कुठे चाकाचा मधला पत्रा कॅलिपरच्या तोंडावर टेकतो आणि चाक हबला पूर्ण भिडतच नाही. कुठे चाक व्यवस्थित बसते, पण आधीपेक्षा बाहेर आल्यामुळे टायर मडगार्डच्या कडेला लागू लागतो. या तिन्ही अडचणींचे मूळ विसाव्या शतकातल्या चाकाच्या आणि ब्रेकच्या इतिहासात आहे. ही दोन्ही अंगे एकमेकांना धरून वाढली आणि एका टप्प्यावर त्यांच्या वाटा फुटल्या.

मोटारींच्या पहिल्या काही दशकांत चाक मोठे आणि ब्रेक लहान अशी स्थिती होती. रस्ते कच्चे होते आणि खड्ड्याचिखलातून गाडी काढायची तर चाकाचा व्यास मोठाच लागे. फोर्डच्या मॉडेल ए गाडीला १९२८ साली २१ इंची चाके होती, १९३० मध्ये ती १९ इंची झाली. पुढच्या मॉडेलांत १९३२ साली १८, १९३३ साली १७ आणि १९३५ साली १६ इंच अशी ती उतरत गेली. इतक्या मोठ्या चाकात अकरा-बारा इंची ड्रम ठेवला तरी भोवती भरपूर मोकळी जागा राही. लुई रेनॉ याने १९०२ च्या सुमारास पुढे आणलेला, आतून फाकणाऱ्या शूंचा ड्रम ब्रेक अशा चाकात सहज मावला. ड्रम झाकलेला असल्याने धूळ-चिखल आत कमी शिरे. शिवाय फिरता ड्रम पुढच्या शूला स्वतःच आपल्याकडे ओढून घेई, त्यामुळे पायाचा जोर कमी पुरे. १९२१ साली अमेरिकेतल्या ड्यूझेनबर्ग गाडीला चारही चाकांवर हायड्रॉलिक ब्रेक आले. तिथून पुढे चाळीस वर्षे ड्रम हीच मोटारीच्या ब्रेकची सर्वमान्य रचना राहिली.

दुसऱ्या महायुद्धानंतर गाडीची ठेवण बदलली. रस्ते डांबरी झाले, गाड्या बुटक्या आणि रुंद दिसू लागल्या, बसायला मऊ टायर हवेसे झाले. मोठे चाक या नव्या रूपाच्या आड येत होते. अमेरिकेत १५ इंची चाक सर्रास झाले होते. १९५७ च्या मॉडेलांपासून फोर्ड, शेव्हरोले आणि प्लिमथ या मोठ्या खपाच्या गाड्या १४ इंचांवर आल्या. १९६० च्या फोर्ड फाल्कन आणि शेव्हरोले कॉर्व्हेअर या लहान गाड्यांची चाके तर १३ इंची होती. नेमक्या याच वर्षांत इंजिने मोठी होत होती आणि महामार्गांवरचा वेग वाढत होता. थांबवायचा जोर वाढला, तो जिरवायची जागा मात्र आक्रसली. चाकांच्या जागेचा सगळा तंटा या विसंगतीतून उभा राहिला. डिस्क ब्रेक सर्वसामान्य गाड्यांत यायच्या आधीच त्याची जागा कापली गेली होती.

ड्रमची अडचण उष्णतेची होती. वेगात असलेली गाडी थांबवताना तिची गती उष्णतेत बदलते आणि ड्रम ब्रेकमध्ये ही उष्णता बंद भांड्यात कोंडल्यासारखी आतच राहते. तापलेला ड्रम फुगतो, म्हणजे शूपासून दूर सरकतो. शूवरच्या लायनरची पकड उतरते आणि पेडल खोल जाऊ लागते. उतारावर सलग ब्रेक दाबणाऱ्या चालकाला हा अनुभव फार लवकर येतो. डिस्कवर मात्र वारा दोन्ही बाजूंनी खेळतो. ती तापून फुगली तरी पॅडच्याच दिशेने जाड होते, त्यामुळे पॅड आणि डिस्क यांच्यात अंतर पडत नाही.

डिस्कची कल्पना ड्रमइतकीच जुनी. बर्मिंगहॅमच्या फ्रेडरिक लँचेस्टरने १९०२ मध्येच तिचे पेटंट घेतले होते. पण त्याने वापरलेले तांब्याचे पॅड भयंकर किंचाळत आणि लवकर झिजत, त्यामुळे ती कल्पना मागे पडली. पुढे विमानांच्या चाकांत डिस्क रुळली. १९४९ साली अमेरिकेत क्रॉस्लीची छोटी हॉट शॉट आणि क्रायसलरची आलिशान इंपीरियल यांत ती वेगवेगळ्या रूपांत दिसली, पण टिकली नाही. खरे वळण मिळाले ते इंग्लंडमध्ये. डनलॉप कंपनी आणि जॅग्वार यांनी मिळून सी-टाइप या शर्यतीच्या गाडीवर डिस्क ब्रेक घडवले. १९५२ च्या जूनमध्ये फ्रान्समधल्या रँसच्या शर्यतीत स्टर्लिंग मॉस त्या गाडीतून जिंकला. पुढच्या वर्षी टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन यांनी ल मां येथील चोवीस तासांची शर्यत ताशी १०५ मैलांहून अधिक सरासरीने जिंकली. सरासरी शंभर मैलांच्या वर जाण्याची त्या शर्यतीतली ती पहिलीच वेळ. लांब सरळ रस्त्याच्या शेवटी प्रतिस्पर्ध्यांपेक्षा उशिरा ब्रेक दाबण्याची मुभा जॅग्वारच्या चालकांना होती आणि ती फेरीमागून फेरी टिकत होती.

या यशात एक बाब सहसा नोंदली जात नाही. सी-टाइपची चाके १६ इंची होती. शर्यतीच्या गाडीला मोठे चाक चालते, रूपाची तडजोड करावी लागत नाही, म्हणून तिथे कॅलिपरला जागा होती. शिवाय डनलॉप ही कंपनी टायर, चाके आणि ब्रेक हे तिन्ही स्वतः बनवत असे. १९५४ च्या डी-टाइपसाठी तिने भोके पाडलेली हलक्या मिश्रधातूची चाकेही दिली. टायर, चाक आणि ब्रेक एकाच छताखाली आखले गेले तर जागेचा प्रश्न आराखड्यातच सुटतो.

रस्त्यावरच्या गाड्यांनी निरनिराळ्या वाटा धरल्या. ऑक्टोबर १९५५ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात आलेल्या सिट्रोएन डीएस गाडीच्या पुढच्या डिस्क चाकात नव्हत्याच. त्या आत, गिअरबॉक्सला लागून बसवल्या होत्या. चाक रिकामे राहिल्याने त्याला कॅलिपरशी देणेघेणे उरले नाही. उपाय देखणा होता, पण पॅड बदलायला खोल हात घालावा लागे आणि खर्चही मोठा होता. ट्रायम्फ टीआर-३ ला १९५६ मध्ये गर्लिंग कंपनीच्या ११ इंची डिस्क पुढच्या चाकांत मिळाल्या. तिची चाके १५ इंची असल्याने जागा पुरली. अमेरिकेतल्या कॉर्व्हेटचेही तसेच झाले. घरगुती गाड्या १४ इंचांवर उतरल्या तरी ती १५ इंचांवरच राहिली होती, त्यामुळे १९६५ मध्ये चारही चाकांना डिस्क देताना तिला नवा घेर शोधावा लागला नाही.

खरी ओढाताण लहान चाकांच्या गाड्यांत झाली आणि तिचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे ब्रिटिश मिनी. अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी आखलेली ही गाडी २६ ऑगस्ट १९५९ रोजी बाजारात आली. आत माणसांना जास्तीत जास्त जागा मिळावी म्हणून तिला १० इंची चाके दिली होती आणि त्यांत ७ इंची ड्रम होते. १९६१ मध्ये शर्यतीच्या गाड्या बनवणाऱ्या जॉन कूपर यांच्या नावाने मिनी कूपर निघाली, तिला ७ इंची डिस्क मिळाल्या. पण इतक्या छोट्या डिस्कची ताकद बेताची होती. १९६३ च्या कूपर एस मध्ये ती साडेसात इंचांची झाली आणि ब्रेकला पायाचा जोर वाढवणाऱ्या सर्व्होची जोड मिळाली. ही गाडी पुढे माँटे कार्लो रॅलीत १९६४, १९६५ आणि १९६७ साली पहिली आली.

साडेसात इंच हा आकडा चाकाने ठरवला होता. दहा इंची चाक म्हणजे टायर ज्या बैठकीवर बसतो तिथला व्यास १० इंच, म्हणजे २५४ मिमी, आणि त्रिज्या १२७ मिमी. साडेसात इंची डिस्कची त्रिज्या ९५ मिमी. म्हणजे डिस्कची कड आणि टायरची बैठक यांच्यात ३२ मिमी उरतात. त्यांतून रिमच्या पत्र्याची जाडी आणि रिमच्या मधल्या खोलगट भागाची खोली वजा करायची. उरेल तेवढ्यात डिस्कवरून पलीकडे जाणारा कॅलिपरचा पूल बसवायचा आणि तरीही चाक मोकळे फिरायला फट ठेवायची. त्या काळच्या अभियंत्यांनी ही जागा अक्षरशः मिलिमीटरच्या हिशेबाने वापरली. मिनीच्या सगळ्या इतिहासात कूपर एसचा हा ब्रेक सर्वांत कौशल्याचा म्हणावा लागेल.

त्याहून मोठी डिस्क दहा इंची चाकात घालणे कारखान्याने टाळले. १९७४ मध्ये १२७५ जीटी या मॉडेलला ८.४ इंची डिस्क दिली, तेव्हा तिच्यासोबत चाकही १२ इंची झाले. १९८४ पासून सगळ्याच मिनींना १२ इंची चाके, ८.४ इंची डिस्क आणि रुंद झालेल्या चाकांना झाकायला मडगार्डवर प्लॅस्टिकच्या पट्ट्या मिळाल्या. आज जुन्या ड्रमवाल्या मिनीला डिस्क बसवणारे बहुतेक जण या नंतरच्या गाडीचे सुटे भाग घेतात, कारण ते सहज मिळतात. मग कळते की ८.४ इंची डिस्कची त्रिज्या १०७ मिमी आहे आणि दहा इंची चाकात तिच्या कडेपलीकडे जेमतेम २० मिमी उरतात. एवढ्यात कॅलिपर मावत नाही. बारा इंची चाकात त्याच डिस्कच्या बाहेर ४५ मिमी मिळतात. म्हणून या बदलात चाके आणि टायर हा वरचा खर्च आधीच धरावा लागतो. ज्यांना दहा इंची चाके सोडायची नाहीत त्यांच्यासाठी कूपर एसची साडेसात इंची रचना किंवा खास दहा इंची चाकांसाठी बनवलेले छोटे मिश्रधातूचे कॅलिपर हेच मार्ग उरतात.

अमेरिकेत हीच गोष्ट फोर्ड मस्टँगच्या बाबतीत घडली आणि तिथे ती फार मोठ्या प्रमाणावर घडली. १७ एप्रिल १९६४ रोजी आलेल्या या गाडीला सहा सिलिंडरचे इंजिन असेल तर चाकाला चार स्टड आणि ९ इंची ड्रम असत. व्ही-८ इंजिन असेल तर पाच स्टड आणि १० इंची ड्रम. पाच स्टडच्या चाकाचा पीसीडी, म्हणजे स्टडच्या मध्यबिंदूंतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास, साडेचार इंच. १९६५ मध्ये पुढच्या चाकांसाठी डिस्क ब्रेकचा पर्याय आला. त्याचे चार पिस्टनांचे बिडाचे कॅलिपर केल्सी-हेज कंपनीचे होते आणि डिस्क सव्वाअकरा इंचांहून थोडी मोठी. केल्सी-हेज ही मुळात चाके बनवणारी कंपनी. १९२७ मध्ये केल्सी आणि हेज या दोन चाक कारखान्यांच्या विलीनीकरणातून ती उभी राहिली होती.

मस्टँगचाही हिशेब मिनीसारखाच निघतो. चौदा इंची चाकात या डिस्कच्या कडेपासून टायरच्या बैठकीपर्यंत सुमारे ३४ मिमी राहतात. पंधरा इंची चाकात सुमारे ४७ मिमी. म्हणजे चौदा इंची मस्टँग ही दहा इंची कूपर एसच्या जवळ बसते आणि पंधरा इंची मस्टँग बारा इंची मिनीच्या. कॅरोल शेल्बी यांच्या कारखान्यात तयार होणाऱ्या १९६५ च्या जीटी-३५० मस्टँगला डिस्क ब्रेकसोबत १५ इंची चाके होती, तिथे प्रश्नच नव्हता. साध्या मस्टँगला मात्र डिस्क ब्रेक १४ इंची चाकातच बसवायचा होता. म्हणून डिस्क ब्रेकवाल्या गाड्यांसाठी फोर्डने वेगळ्या घडणीची १४ इंची चाके वापरली. वरून व्हील कप लावला की दोन्ही चाके सारखीच दिसतात. पुढच्या साठ वर्षांत भंगार बाजारात आणि गॅरेजांत ही चाके एकमेकांत मिसळून गेली. ड्रमवाल्या गाडीला डिस्क बसवणारा मालक आपली मूळ चाके कॅलिपरवर चढवायला जातो आणि चकतो, ते यामुळेच. अशा मालकांत फोर्डच्याच ग्रॅनाडा या १९७५ ते १९८० च्या दरम्यानच्या गाडीचे पुढचे स्पिंडल, डिस्क आणि कॅलिपर काढून मस्टँगला लावण्याची रीत बरीच वर्षे लोकप्रिय होती. भाग जुळतात, पण त्यांच्यासाठीही डिस्क ब्रेकला चालणारे १४ इंची चाकच हवे.

एकाच मापाचे एक चाक बसते आणि दुसरे अडते, याचा उलगडा चाकाच्या छेदात होतो. टायर रिमवर चढवता यावा म्हणून रिमच्या मधोमध किंवा थोडी एका बाजूला एक खोलगट खाच असते. टायरच्या कडेचा एक भाग त्या खाचेत ढकलल्याशिवाय तिचा समोरचा भाग रिमवरून चढत नाही. ही खाच आतून, म्हणजे ब्रेकच्या बाजूने, फुगवट्यासारखी पुढे येते. टायरच्या बैठकीखाली रिमची आतली त्रिज्या जास्त असते, खाचेखाली ती पंधरा-वीस मिमीने कमी होते. कॅलिपरचा पूल जर बैठकीखालच्या भागात आला तर चाक फिरते. खाचेच्या रेषेत आला तर अडते. ड्रमच्या काळात रिम घडवणाऱ्यांनी ही खाच कुठे ठेवायची हे टायर चढवण्याच्या सोयीने आणि पत्रा वळवण्याच्या यंत्राने ठरवले. कॅलिपरचा विचार करायचे त्यांना कारण नव्हते.

त्याहून महत्त्वाचा फरक फिरण्याचा आहे. ड्रम चाकासोबत फिरतो. त्या दोघांत एक-दोन मिमीची फट असली आणि ती एका जागी कमी, एका जागी जास्त असली तरी काही बिघडत नाही, कारण ती एकमेकांपुढून कधी सरकतच नाहीत. कॅलिपर मात्र जागेवर स्थिर असतो आणि चाक त्याच्याभोवती फिरते. चाकाच्या आतल्या बाजूची प्रत्येक उंचवट्याची जागा, वेल्डिंगचा थर, रिव्हेटचे डोके, किंचित वाकलेला पत्रा, हे सगळे दर फेरीत कॅलिपरपुढून जाते. बॅलन्सिंगसाठी रिमच्या आतल्या कडेला ठोकलेले शिशाचे वजनही यातच मोडते. गॅरेजमध्ये हाताने फिरवताना मोकळे वाटलेले चाक टायरवाल्याकडून बॅलन्स करून आणल्यावर खटखट वाजू लागते, ते बहुधा या वजनामुळे. अशा चाकाला आतून चिकटवायची पट्टीची वजने लावतात, तीही कॅलिपरच्या वाटेतून बाजूला.

तिसरी बाब आडव्या जागेची आहे. चाक हबला जिथे टेकते तो पृष्ठभाग रिमच्या मधल्या रेषेपासून किती आत किंवा बाहेर आहे, त्या अंतराला ऑफसेट म्हणतात. टेकणारा पृष्ठभाग मधल्या रेषेच्या बाहेरच्या बाजूला असेल तर ऑफसेट धन, आतल्या बाजूला असेल तर ऋण. चाकाचा मधला पत्रा हबपासून रिमकडे जाताना कसा वळतो, यावर कॅलिपरच्या तोंडाला किती जागा मिळते ते ठरते. दोन चाकांचा व्यास, रुंदी, पीसीडी आणि ऑफसेट तंतोतंत सारखे असूनही एकाचा पत्रा सरळ जातो आणि दुसऱ्याचा बाहेर फुगतो. पहिले अडते, दुसरे बसते. चाकावर छापलेल्या आकड्यांत हा वळसा कुठेच येत नाही. केवळ आकडे पाहून चाके मागवणाऱ्याची फसगत इथे होते.

कॅलिपरच्या बांधणीचाही इतिहास यात मिसळला आहे. सुरुवातीचे कॅलिपर स्थिर होते, म्हणजे डिस्कच्या दोन्ही बाजूंना पिस्टन. बाहेरच्या पिस्टनमुळे कॅलिपरचे अंग चाकाच्या पत्र्याच्या दिशेने फुगलेले असे. १९६८ पासून फोर्डने मस्टँगला एक पिस्टनचा सरकता कॅलिपर दिला. त्यात पिस्टन फक्त आतल्या बाजूला असतो. तो आतले पॅड दाबतो आणि कॅलिपर स्वतः सरकून बाहेरचे पॅड ओढतो. बाहेरच्या बाजूला फक्त बोटांसारखी पातळ पकड राहते. यामुळे कॅलिपर स्वस्त झाला आणि चाकाच्या पत्र्याला जागा मिळाली. युरोपात याच सुमारास पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या गाड्या वाढत होत्या. १९७२ च्या ऑडी ८० सारख्या गाड्यांत स्टिअरिंगचा अक्ष जमिनीला टायरच्या मधल्या रेषेच्या बाहेर भेटावा अशी मांडणी केली गेली, जेणेकरून एका बाजूचा ब्रेक कमी लागला तरी गाडी सरळ राहील. त्यासाठी हब आणि ब्रेक चाकात खोल ढकलावे लागले, म्हणजेच चाकाचा ऑफसेट वाढला. हे पातळ तोंडाच्या सरकत्या कॅलिपरशिवाय अवघड होते. जुन्या मोटारीसाठी सुटे भाग निवडताना याचा उपयोग होतो. पत्र्याकडून जागा कमी असेल तर सरकता कॅलिपर सोयीचा. रिमच्या घेराकडून जागा कमी असेल तर आजचे मिश्रधातूचे, लहान लहान पिस्टनांचे स्थिर कॅलिपर जास्त सोयीचे, कारण त्यांचा पूल पातळ असतो.

जागेची तपासणी टायर न चढवलेल्या नुसत्या चाकावर करणे उत्तम. काही ब्रेक उत्पादक आपल्या कॅलिपरचा कागदी साचा देतात. तो पुठ्ठ्यावर चिकटवून कापला आणि चाकाच्या आत, टेकणाऱ्या पृष्ठभागाशी जुळवून धरला, की काहीही विकत घेण्याआधी उत्तर मिळते. प्रत्यक्ष बसवल्यावर कॅलिपरच्या पाठीवर आणि तोंडावर मऊ मातीचे किंवा प्लॅस्टिसिनचे गोळे लावतात, चाक चढवून नट आवळतात आणि एक पूर्ण फेरी हाताने फिरवतात. चाक काढल्यावर गोळ्याची उरलेली जाडी म्हणजे खरी फट. ती निदान ३ मिमी असावी असे धरतात, कारण वळणावर चाक लवचिकपणे किंचित वाकते आणि बेअरिंगमध्येही थोडी ढिलाई असते. ही तपासणी नव्या पॅडवर करायची. सरकता कॅलिपर पॅड झिजत जातील तसा आत सरकत जातो. पॅड नवे असताना त्याचे तोंड सर्वांत बाहेर असते आणि पत्र्याशी अंतर सर्वांत कमी. झिजलेल्या पॅडवर मापलेली फट नवे पॅड टाकताच नाहीशी होऊ शकते. स्टिअरिंग दोन्ही टोकांना वळवून टाय रॉडचे टोक आणि ब्रेकची रबरी नळी रिमला लागत नाही हेही याच वेळी पाहून घेतात.

जागा कमी पडली की सर्वांत सोपा उपाय म्हणून स्पेसरकडे हात जातो. हब आणि चाक यांच्यामध्ये धातूची चकती घातली की चाक बाहेर येते आणि पत्रा कॅलिपरपासून सुटतो. पण स्पेसर फक्त आडवी जागा देतो. रिमचा घेरच लहान पडत असेल तर त्याचा काही उपयोग नाही. शिवाय स्टड तेवढेच राहिल्याने नटाला कमी आटे मिळतात. नट निदान स्टडच्या व्यासाइतका आत फिरायला हवा, नाहीतर लांब स्टड ठोकावे लागतात. डिस्कचा हबही बऱ्याचदा ड्रमपेक्षा जाड असतो, त्यामुळे चाक आधीच काही मिमी बाहेर आलेले असते. त्यावर स्पेसर घातला की टायर मडगार्डला लागतो, बेअरिंगवरचा भार बाहेर सरकतो आणि स्टिअरिंग जड होते. कॅलिपरची पाठ किंवा रिमची आतली बाजू ग्राइंडरने तासून जागा करण्याची प्रथाही काही ठिकाणी दिसते. हे दोन्ही भाग गाडीचा जीव ज्यावर टांगलेला असतो असे आहेत आणि त्यांचा धातू तासणे कोणत्याही हिशेबाने समर्थनीय नाही.

सरळ उपाय म्हणजे एक इंच मोठे चाक. चाकाचा व्यास एक इंचाने वाढला की त्रिज्येत १२.७ मिमी मिळतात, आणि वर पाहिल्याप्रमाणे मस्टँगसारख्या गाडीत साधारण तेवढेच कमी पडत असतात. टायरची बाजू तेवढीच बुटकी निवडली तर टायरचा बाहेरचा व्यास बदलत नाही. मस्टँगसाठी १९५/७५ आर-१४ टायरचा व्यास सुमारे ६४८ मिमी भरतो आणि २०५/६५ आर-१५ चाही तितकाच. स्पीडोमीटर खरा राहतो, गाडीची उंचीही राहते. मूळच्या चाकांसारखी दिसणारी, पण एक इंच मोठी आणि कॅलिपरसाठी जागा ठेवलेली चाके आता अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये बनतात. जुन्या मोटारींच्या सुट्या भागांच्या धंद्यात त्यांना कायम मागणी असते.

महाराष्ट्रात या प्रश्नाचा थेट संबंध कुर्ल्याशी येतो. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्यातल्या कारखान्यातून १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट निघू लागली. १९७० च्या दशकात तीच प्रीमियर पद्मिनी झाली आणि विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत बनत राहिली. इटलीत फियाटने १९६६ च्या १२४ मॉडेलला चारही चाकांवर डिस्क दिल्या होत्या, पण कुर्ल्याच्या गाडीचा साचा त्याआधीचा होता. १४ इंची अरुंद चाके आणि चारही बाजूंना ड्रम. मुंबईच्या टॅक्सीच्या वेगाला ते पुरेसे होते. खंडाळ्याच्या घाटातून भरलेली गाडी उतरवताना मात्र ड्रम तापण्याची खरी भीती असे. ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये तो उतरायचा, हा चालकांचा नियम त्यातूनच पक्का झाला. ३० ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली. हौशी मालकांकडच्या पद्मिनी अजून धावतात आणि त्यांतल्या काहींना पुढे डिस्क बसवल्या जातात. या गाडीसाठी मिनी-मस्टँगसारखे तयार संच सहज मिळत नसल्याने दुसऱ्या गाडीची डिस्क, कॅलिपर आणि कधी हबही आणून लेथवर अडॅप्टर कातून घ्यावा लागतो. मग पीसीडी जुळवणे, स्टड बदलणे आणि कॅलिपर १४ इंची अरुंद रिममध्ये बसवणे अशी तिन्ही कामे एकदम पुढे येतात. ज्या गाडीच्या डिस्क घ्यायच्या तिच्या चाकाचा घेर आधी पाहिला तर निम्मे काम सोपे होते. १२ किंवा १३ इंची चाकाच्या गाडीची डिस्क पद्मिनीच्या चाकात घेराने मावते. प्रश्न उरतो तो फक्त पत्र्याच्या वळशाचा.

भारतात कायद्याची बाजूही पाहावी लागते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रावरचे तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत होतील असा बदल मालकाला करता येत नाही. २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीची स्वतंत्र सोय केली. तिची अट अशी की गाडी मूळ स्वरूपात असावी आणि तिच्यात मोठे फेरफार झालेले नसावेत. म्हणून अशा नोंदणीचा विचार असलेला मालक मूळचे ड्रम, बॅकप्लेट, हब आणि चाके जपून ठेवतो, आणि डिस्क बसवायचीच झाली तर ती स्पिंडल न कापता, न वेल्ड करता, पुन्हा काढता येईल अशा रीतीने बसवतो.